जुन्या अमेरिकन पश्चिमेतलं रोजचं जगणं: खाणींची गावं, माळरानावरचे शेतकरी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सिनेमात दिसतात ती काउबॉय छापाची गावं नेमकी कुठली आणि कधीची?

साधारण १८४८ ते १८९० या काळातली. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सटरच्या लाकूड-गिरणीच्या चरात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले आणि पुढच्या वर्षी माणसांचा लोंढा पश्चिमेकडे निघाला. १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच सांगून टाकलं की वस्ती आणि मोकळा मुलूख यांच्यामध्ये सलग सीमा म्हणावी अशी रेषा आता उरलेली नाही.

या पानावर मुख्यतः दोन भागांबद्दल लिहिलं आहे: नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतली खाणींची गावं, म्हणजे व्हर्जिनिया सिटी, बोडी वगैरे, आणि नेब्रास्का-कॅन्ससच्या गवताळ माळावरची शेतकरी वस्ती. लोक दोन्हींची सरमिसळ करतात. खाणकामगाराच्या खिशात रोकड खुळखुळायची, पण त्याच्या गावात पाण्यापासून अंड्यापर्यंत सगळं बाहेरून यायचं. माळावरच्या शेतकऱ्याकडे जमीन ढीगभर, पण हातात दोन डॉलर यायचे ते पीक विकलं गेलं तर.

खाणीचं गाव एका रात्रीत उभं राहायचं म्हणतात, ते खरं का?

एका रात्रीत नाही, पण एका मोसमात नक्की. आधी तंबू, मग फळ्यांची घरं, मग दर्शनी बाजूला उंच खोटी भिंत लावलेली दुकानं, आणि पैसा टिकतोय असं दिसलं की विटांची बांधकामं. व्हर्जिनिया सिटीची कॉमस्टॉक खाण १८५९ मध्ये सापडली. सुरुवातीला लोक तिथे सोनं चाळत होते आणि चाळणीत अडकणाऱ्या निळसर-काळ्या चिखलाला शिव्या घालत तो फेकून देत होते. कुणीतरी तो चिखल कॅलिफोर्नियात तपासायला नेला तेव्हा कळलं, की ती चांदी आहे, आणि तीही भरघोस. मग डोंगर ओलांडून माणसं आली. १८७० च्या दशकाच्या मध्याला शेजारच्या गोल्ड हिलसह तिथली वस्ती वीस हजारांच्या घरात होती.

एवढ्या माणसांना डोंगराच्या उतारावर प्यायला पाणी नव्हतं. सुरुवातीला खाणीच्या बोगद्यांतून झिरपणारं पाणी वापरत. शेवटी १८७३ मध्ये हर्मन शुसलर या अभियंत्याने सिएरा पर्वतातलं पाणी लोखंडी नळातून आणलं. नळ आधी दरीत सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो आणि स्वतःच्याच दाबाने पलीकडे चढतो. सात मैल लांबीचा तो नळ माझ्या मते त्या गावातल्या सगळ्या पिस्तूलबाजांपेक्षा जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण नळावर सिनेमा कोण काढणार!

दोनच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १८७५ ला, आगीत गावाचा मोठा भाग जळाला. खाणीत माल होता, म्हणून गाव लगेच पुन्हा बांधलं गेलं.

रोज गोळीबार व्हायचा का?

नाही. कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजाराच्या पाच प्रसिद्ध गावांत (डॉज सिटी, ॲबिलीन त्यांतलीच) १८७० ते १८८५ या पंधरा-सोळा वर्षांत मिळून ४५ खून झाले, अशी मोजदाद आहे. म्हणजे दर गावाला वर्षाकाठी एकही पूर्ण भरत नाही. वस्ती लहान होती हे लक्षात घेतलं तर हा आकडा अगदीच किरकोळ नाही, आणि बोडीसारख्या खाणीच्या गावात मारामाऱ्या खरोखरच जास्त होत. तरुण, एकटे पुरुष, हातात पगार आणि पावलापावलावर दारूचा गुत्ता. अशा ठिकाणी दुसरं काय होणार?

गंमत म्हणजे गावात हत्यार घेऊन फिरायला बऱ्याच ठिकाणी बंदी होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोनने १८८१ मध्ये तसा ठराव केला होता, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओके कोरलजवळ जी जगप्रसिद्ध चकमक झाली, तिचं तात्कालिक कारण हीच बंदी मोडणाऱ्यांची हत्यारं काढून घेणं हे होतं. ती चकमक जेमतेम अर्धा मिनिट चालली.

मग माणसं मरायची कशाने?

खाणीत दरड कोसळून, आगीने, माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा तुटून. ७ एप्रिल १८६९ ला कॉमस्टॉकच्या यलो जॅकेट खाणीत आग लागली, त्यात किमान ३५ कामगार गेले. १८७० च्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल मशिनं आली. काम झपाट्याने व्हायला लागलं, पण दगडाची बारीक भुकटी फुप्फुसात बसून कामगार काही वर्षांत खोकून खोकून मरू लागले. त्या मशिनला खाणकामगार ‘विडो मेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारं, म्हणत.

माळावर टायफॉइड, न्यूमोनिया, बाळंतपण आणि थंडी. डॉक्टर एका दिवसाच्या वाटेवर. दुकानात मिळणारी ‘सर्व रोगांवर रामबाण’ औषधं बहुतेक दारू नाहीतर अफूच्या जोरावर चालायची, त्यामुळे पेशंटला तात्पुरतं बरं वाटायचंच.

खाणीतला कामाचा दिवस कसा असायचा?

कॉमस्टॉकवर मजुरी दिवसाला चार डॉलर होती. तेव्हाच्या मानाने ती उत्तम, आणि ती टिकली ती कामगार संघटनेच्या जोरावर. खाली मेणबत्तीचा उजेड. लोखंडी सळईची मेणबत्तीदाणी भिंतीच्या भेगेत खुपसायची आणि तेवढ्या उजेडात छिद्रं पाडायची. खोल गेलं की उष्णता वाढायची. कॉमस्टॉकच्या सगळ्यात खालच्या पातळ्यांवर खडकातून येणारं पाणी ७० अंश सेल्सियसच्याही वर तापलेलं असे. तिथे माणूस काही मिनिटं काम करायचा, मग थंड हवेच्या झोताखाली बसून बर्फ खायचा, पुन्हा आत. कंपनीला खाणीत बर्फ पाठवावा लागायचा आणि तो माणशी मोजून दिला जाई.

खनिजाचा थर इतका रुंद आणि ठिसूळ होता, की साधे टेकू लावून छत थांबेना. १८६० मध्ये फिलिप डाइडेशाइमर याने लाकडी चौकटींचे ठोकळे एकावर एक रचायची पद्धत काढली, म्हणजे पोकळी जितकी वाढेल तितके ठोकळे वाढवत न्यायचे. त्याने याचं पेटंट घेतलं नाही. त्या पद्धतीपायी ताहो सरोवराभोवतीची जंगलं मात्र साफ झाली. आजही व्हर्जिनिया सिटीच्या पोटात जमिनीखाली एक जंगल गाडलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले खाणकामगार यात तरबेज. त्यांच्या डब्यात बटाटा-मांस भरलेली पेस्टी असे आणि खाणीत ठकठक करणारी बुटकी भुतं असतात असा त्यांचा पक्का समज. दरड कोसळायच्या आधी ती ठोकून सावध करतात म्हणे.

खायचे काय?

सुरुवातीच्या काळात पाव, खारवलेलं डुकराचं मांस, वाल-घेवड्याच्या जातीचे दाणे, सुकवलेली सफरचंदं, कॉफी. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. १८४९ च्या सॅन फ्रान्सिस्कोत कोंबड्या इतक्या कमी, की समुद्रातल्या फॅरलन बेटांवरून समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करून शहरात विकली जात. त्या अंड्यांच्या धंद्यावरून १८६३ मध्ये चक्क गोळीबार झाला.

डबाबंद माल आल्यावर खाणगावांची चंगळ झाली. डोंगरात, समुद्रापासून शेकडो मैलांवर, लोक डब्यातले कालव खात. ताजी भाजी बऱ्याच ठिकाणी चिनी माळ्यांकडून मिळे.

कॉफीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आधी कच्च्या बिया विकत घेऊन घरी तव्यावर भाजाव्या लागत. एक बी करपली की सगळी कॉफी कडू. आर्बकल भावांनी भाजलेल्या बियांवर अंडं-साखरेचा पातळ लेप देऊन त्या पाकीटबंद विकायला काढल्या. पाकिटात पेपरमिंटची एक कांडी असायची. गुराख्यांच्या तळावर खानसामा ‘कांडी कुणाला पाहिजे?’ म्हणून ओरडला, की राकट गडीसुद्धा कॉफी दळून द्यायला पुढे येत. कारण जो दळेल त्याची कांडी.

माळावर मक्याचं राज्य. मक्याचा पाव, मक्याची लापशी, मका घालून वाढवलेलं डुक्कर. गहू नंतर आला. १८७४ पासून रशियातून कॅन्ससला आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी आपल्यासोबत थंडीला टिकणारा ‘टर्की रेड’ गहू आणला आणि तिथली शेतीच बदलली.

शेतकऱ्यांना जमीन फुकट मिळायची ना?

कागदावर जवळजवळ फुकट. २० मे १८६२ ला लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली: १६० एकर जमीन, सगळी फी मिळून १८ डॉलर, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. यादवी युद्धात दक्षिणेकडची राज्यं फुटून गेल्यामुळे त्यांचे खासदार काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, नव्हते, म्हणून हा कायदा पास होऊ शकला. (त्याच यादवीने अमेरिकेचा कापूस बंद पाडला आणि इकडे मुंबईत कापसाच्या भावाने लोक वेडे झाले.) विधवा, अविवाहित बायका, गुलामीतून सुटलेले काळे लोक, नागरिकत्वासाठी अर्ज केलेले परदेशी, सगळ्यांना अर्ज करता येत होता.

प्रत्यक्षात बैल, नांगर, बियाणं, विहीर, कुंपण आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं पोट, हा खर्च शेकड्यांत जायचा. त्यासाठी कर्ज. अर्ज करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाच वर्षं पुरी केलीच नाहीत. आणि पाणी कमी असलेल्या पश्चिम भागात १६० एकरांत कुटुंब जगत नाही, ही गोष्ट वॉशिंग्टनमध्ये बसलेल्यांना उशिरा उमगली.

लबाड्याही भरपूर. ‘बारा बाय चौदाचं घर बांधलं’ अशी शपथ घ्यायची आणि ते घर इंचांत मोजलेलं, म्हणजे खुराड्याएवढं! चाकांवरची खोली एका अर्जदाराच्या जमिनीवरून दुसऱ्याच्या जमिनीवर भाड्याने फिरवल्याचेही किस्से आहेत. कुठल्याही सरकारी योजनेचं होतं तेच.

माळावर झाडंच नव्हती, मग घरं कशाची बांधली?

गवताच्या ढेपांची. त्या माळावरच्या गवताची मुळं शतकानुशतकं एकमेकांत गुंतून जमिनीचा वरचा थर घोंगडीसारखा चिवट झालेला असतो. खास नांगराने त्याच्या फूटभर रुंद लांब पट्ट्या काढायच्या, फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. साध्या सोळा बाय वीस फुटांच्या घराला अर्ध्या एकराचं गवत लागे. भिंती दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात उबदार, आगीला दाद न देणारं घर, आणि खर्च फक्त दार, खिडकीची काच आणि खिळ्यांचा.

आता दुसरी बाजू. बाहेर एक दिवस पाऊस पडला की आत तीन दिवस गळायचं. छतातून माती, उंदीर, कधी साप ताटात. म्हणून बायका छताखाली मलमलीचं कापड ताणून बांधत आणि ते अधूनमधून उतरवून झटकत. सॉलोमन बुचर या फोटोग्राफरने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत अशा शेकडो घरांचे फोटो काढले. एका फोटोत कुटुंब अंगणात उभं आहे आणि शेजारी, गुरांच्या मधोमध, पायपेटीसारखा ऑर्गन. मातीचं घर नातेवाइकांना दिसू नये म्हणून बाईंनी ते धूड बाहेर आणायला लावलं. कलिंगड, गाय, शिलाई मशिन, जे काही मिरवण्यासारखं असेल ते सगळं लोक त्या फोटोंत घेऊन उभे राहिलेले दिसतात.

आणि चूल?

शेणावर. आपल्याला यात काहीच नवल नाही, पण लाकडावर वाढलेल्या पूर्वेकडच्या बायकांना ते फार जड गेलं. गोवऱ्या थापायची पद्धत तिथे नव्हती. माळावर पडून वाळलेलं रानगव्यांचं, नंतर गुरांचं शेण गोणीत गोळा करायचं. सुरुवातीला बायका ते चिमट्याने उचलत, मग फडक्याने, मग पदराने म्हणा हवं तर, आणि शेवटी सरळ हाताने उचलून तोच हात कणकेत. ते संपलं की वाळलेल्या गवताच्या पिळून केलेल्या जुड्या, मक्याची बुरकुंडं, आणि भाव फारच पडला तर खुद्द मका. विकायला नेण्यापेक्षा जाळणं स्वस्त.

सगळ्यात वाईट दिवस कुठले?

दोन सांगतो.

१८७४ चा उन्हाळा. रॉकी पर्वताकडून टोळधाड आली. आकाश झाकोळलं आणि मग गारांसारखे टोळ पडायला लागले. उभं पीक तर गेलंच; कांदे जमिनीतून कोरून खाल्ले, घोड्यांचं चामडी सामान, झाकायला टाकलेली पांघरुणं, घामाने खारट झालेले अवजारांचे दांडे कुरतडले. शेवटी सैन्यावर लोकांना कपडे वाटायची वेळ आली. विचित्र गोष्ट अशी, की टोळांची ती जात आज अस्तित्वातच नाही. शेवटचा जिवंत नमुना १९०२ मध्ये मिळाला. डोंगरखोऱ्यांतल्या त्यांच्या अंडी घालण्याच्या जागा नांगरल्या गेल्या, हे त्यामागचं बहुतेकांना पटलेलं कारण.

१२ जानेवारी १८८८. सकाळी ऊब होती, म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेला गेली. दुपारी हिमवादळाने गाठलं. काही मिनिटांत समोरचा हात दिसेना. मृतांचा आकडा साधारण २३५ धरतात, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं पुष्कळ. हिवाळ्यात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवायची रीत होती, ती उगीच नव्हती.

शाळा होत्या का?

होत्या, आणि त्याची तरतूद जमिनीच्या मोजणीतच होती. प्रत्येक सहा बाय सहा मैलांच्या तुकड्याचे छत्तीस भाग पाडत आणि त्यातला सोळावा (पुढे छत्तिसावाही) शाळेसाठी राखून ठेवत. एकच खोली, सगळ्या वयाची मुलं, मधोमध शेगडी. बाई बहुधा अठरा-एकोणीस वर्षांची, आळीपाळीने मुलांच्याच घरी राहणारी. पेरणी-कापणीला मोठी मुलं गायब.

बायकांचं काय?

१८५० च्या कॅलिफोर्नियात दर दहा माणसांत बाई एकही धड नव्हती. त्यामुळे बायकी समजल्या जाणाऱ्या कामांना सोन्याचा भाव आला. लुझेना विल्सन १८४९ मध्ये नवरा-मुलांसह कॅलिफोर्नियात पोचली. ती चुलीवर बिस्किटं, म्हणजे तिकडचे छोटे पाव, भाजत असताना एका खाणवाल्याने बाईच्या हातच्या पावाला पाच डॉलर देऊ केले. ती गोंधळून गप्प राहिली, तर त्याने दहा केले. पुढे तिने खानावळ काढली. सोनं चाळणाऱ्या बहुतेकांपेक्षा खानावळवाले, धोबी आणि दुकानदार यांनी जास्त कमावलं.

१८७३ ची रिबेट मारलेली जीन्स यातलीच. रेनोचा शिंपी जेकब डेव्हिस याच्याकडे एका लाकूडतोड्याची बायको नवऱ्यासाठी न फाटणारी पँट शिवायला आली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याची रिबेट मारली आणि पेटंटसाठी कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला भागीदार करून घेतलं.

मताचा हक्कही या आडमुलखातच आधी मिळाला. वायोमिंगने डिसेंबर १८६९ मध्ये बायकांना मताधिकार दिला आणि साउथ पास सिटी या खाणगावात १८७० मध्ये एस्थर मॉरिस न्यायाधीश झाली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा वायोमिंगमधल्या बायकांना मताचा हक्क मिळून सोळा वर्षं झाली होती. त्यांना उतरवून घेणाऱ्या फिलाडेल्फियातल्या बायकांना मात्र तो नव्हता.

ती जमीन रिकामी होती का?

नव्हती. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात मूळ रहिवासी सुमारे दीड लाख होते, १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले: रोगराई, उपासमार आणि सरळसरळ कत्तली. नेवाडात खाणींच्या लाकडासाठी पिन्यॉन पाइनची झाडं तोडली गेली, ज्यांच्या बिया तिथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांचं हिवाळ्याचं अन्न होतं. ब्लॅक हिल्स हे डोंगर १८६८ च्या तहाने लाकोटा या मूळ रहिवासी लोकांच्या मालकीचे होते. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७६ मध्ये डेडवूड हे खाणगाव उभं राहिलं, म्हणजे ते गावच मुळात बेकायदा. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मान्य केली. लाकोटांनी ते पैसे अजून उचललेले नाहीत. त्यांना डोंगर हवे आहेत.

चिनी मजुरांनी रेल्वे बांधली, कपडे धुतले, भाज्या पिकवल्या. बदल्यात परदेशी खाणवाल्यांवरचा वेगळा कर, १८८२ चा प्रवेशबंदीचा कायदा, आणि २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्समध्ये २८ जणांची हत्या.

करमणूक?

४ जुलैला ग्रॅनाइटच्या दगडात छिद्र पाडायच्या शर्यती: पंधरा मिनिटं, एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. बायका नसलेल्या छावणीत नाच असला, की काही पुरुष दंडाला रुमाल बांधून बायकांच्या जागी नाचत. शेतकऱ्यांकडे गोधड्या शिवायचे मेळावे आणि स्पेलिंगच्या स्पर्धा. आणि कॅटलॉग! शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापून टपालाने धंदा सुरू केला. पुढे त्याचे जाडजूड ग्रंथ झाले. हिवाळाभर घरातले सगळे ते चाळत बसत आणि नवीन आला की जुना शौचकूपात जाई.

ही गावं ओस का पडली?

खाणीतला माल संपला, किंवा १८९३ सारखे चांदीचे भाव कोसळले. खाणगाव ज्या वेगाने भरलं त्याच वेगाने रिकामं झालं. लोक घराच्या फळ्यासुद्धा काढून पुढच्या गावाला नेत. शेतीच्या गावांचं नशीब रेल्वेच्या हातात. कॅन्ससमध्ये गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १८७७ मध्ये निकोडेमस वसवलं. १८८८ मध्ये रेल्वे नदीच्या पलीकडून गेली आणि दुकानं उठून तिकडे गेली. तरी काही कुटुंबं राहिली आणि आज ते राष्ट्रीय वारसास्थळ आहे.

आज प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं?

कॅलिफोर्नियात असाल किंवा योसेमिटीला जाणार असाल तर बोडी. टायोगा खिंडीतून पूर्वेला उतरून ३९५ नंबरच्या रस्त्याने ली व्हायनिंग आणि ब्रिजपोर्टच्या मधून फाटा आहे. तिथून तेरा मैल, शेवटचे तीन कच्चे. उंची सुमारे २,५५० मीटर, त्यामुळे दम लागतो. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होतो, टायोगाही बंद. जून ते सप्टेंबर बरा. आत खाणं-पिणं किंवा पेट्रोल मिळत नाही.

१८८० च्या सुमारास तिथे आठ-दहा हजार लोक होते. १९३२ च्या आगीतून वाचलेल्या शंभराच्या वर इमारती उभ्या आहेत. १९६२ पासून ते राज्य उद्यान आहे आणि धोरण असं, की पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही. खिडकीतून डोकावलं तर दुकानात डबे मांडलेले, टेबलावर धूळ बसलेली दिसते. तिथला खिळादेखील उचलायला बंदी आहे. बोडीची वस्तू नेली की साडेसाती लागते अशी दंतकथा असल्याने लोक नेलेले खिळे, काचा, बूट माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवतात. ही दंतकथा तिथल्या रेंजरनेच पसरवली असावी असं बोललं जातं. तसं असेल तर उपयोग झाला म्हणायचा.